शांत ग्राहकाला उत्तर

५ मार्च

ताई,

तू सांगितलंस म्हणून कागदावर लिहितोय. "फोनवर तू एका दमात सतरा मेसेज टाकतोस आणि त्यातले सोळा नंतर पुसतोस. पत्र लिही, निदान पाकीट चिकटवेपर्यंत तरी थांबशील," असं म्हणालीस ना. घे. पाकीट अजून उघडंच आहे.

आईने माझ्याबद्दल काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे. अर्थशास्त्राच्या सरांनी फळ्यावर 'पूर्ण स्पर्धा' असं लिहिलं. मी विचारलं, अशी स्पर्धा तुम्ही कुठे पाहिलीत? ते म्हणाले, परीक्षेत. अख्खा वर्ग हसला. मी वही उचलली आणि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. आता चार महिने आपल्या मामाच्या दुकानात लिफ्टचे दरवाजे नीट करतोय. हात काळे होतात, पण डोकं ताळ्यावर राहतं. म्हणजे राहायचं.

झालं असं की आमच्या भागाचा ऑनलाइन गट आहे, त्यावर कुणीतरी सहज विचारलं: एखाद्या धंद्यात एकच मोठी कंपनी उरली तर बिघडलं कुठे? लोक टाइमपास म्हणून लिहीत होते. मी मात्र पेटलो. कारण ते मी रोज बघतो. नव्या इमारतींत मोठ्या कंपनीने लिफ्ट बसवल्या आणि कंट्रोलच्या पेटीला सील ठोकलं. कोड त्यांच्याकडे, दुरुस्ती त्यांची, वेळ त्यांची. मामाच्या वाट्याला फक्त दरवाजे, रोलर, दिवे. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आता दिवे बदलतो. मी हे सगळं लिहिलं. त्यावर 'शांत ग्राहक' नावाचा एक इसम आला.

हा माणूस कधी चिडत नाही, हाच त्याचा दोष. लिहितो: "कंपनी मोठी झाली कारण लोकांनी तिला निवडलं. महाग वाटली तर उद्या दुसरी उभी राहील. खुला बाजार म्हणजे हेच." मी लिहिलं: "उद्या दुसरी उभी राहील हो, पण आज सहा मजले कोण चढणार?" दोनशे लोकांना आवडलं. मग तो शांतपणे म्हणतो: "वीस वर्षं या भागात लिफ्टवाला एकच होता, तुमचे मामा. आम्ही चार-चार दिवस वाट बघायचो. विचारा त्यांना."

मी विचारलं. मामा पान्हा पुसत म्हणाला, "पाच दिवस. एकदा. लग्न होतं माझं."

आता खरी गोष्ट सांगतो. हसणार नसशील तर पुढे वाच. प्रत्येक लिफ्टमध्ये धोक्याची घंटा असते. ती दाबली की कंपनीच्या कक्षात वाजते आणि जाळीतून एक बाई बोलते. महिन्यातून एकदा ती तपासायची हे आमचं काम. जानेवारीत मी तपासली, तर आवाज आला, "टेबल क्रमांक तीन. घाबरू नका, मी आहे." ताई, मी अजिबात घाबरलेलो नव्हतो. तेव्हापासून आहे.

महिन्यातून एकदाची घंटा आता मी दिवसातून दोनदा तपासतो. ती म्हणते, "तुमच्या भागातल्या घंटा फारच नाजूक दिसतात." मी तिला तीन नंबर म्हणतो. पुढच्या मंगळवारी ती भेटायला येणार आहे.

तुझा,
काळ्या हातांचा भाऊ

११ मार्च

बाळा,

हसले. दोनदा हसले. शाळेचे गणवेश शिवता शिवता वाचलं आणि एका शर्टाला बाही उलटी लावली.

तुझं भांडण समजलं, पण एक विचारू? या गावात शाळा एक आणि गणवेश शिवणारी मीही एकटीच. हेडमास्तर पालकांना सांगतात, कापड कुठूनही घ्या, शिवून मात्र हिच्याकडूनच घ्या. पोरं वाढतात, विजारी आखूड होतात, आया माझ्या दारात. मग मी पण तुझी मोठी कंपनीच की. बोल, माझ्यावरही लिहितोस का त्या गटावर?

आणि तू ज्या पोरीवर जीव टाकतोयस ती त्याच कंपनीत पगार घेते, हे तुझ्या लक्षात आहे ना? भांडायचं कंपनीशी आणि तडमडायचं तिच्याच घंटेवर. तिला माहीत आहे का, गटावर आरडाओरडा करणारा तो तूच?

तिला जे सांगावंसं वाटेल ते सांगू दे. तू मधेच शब्द पुरवू नकोस. लहानपणी मी गोष्ट सांगत असताना शेवट तूच सांगून टाकायचास, आठवतं?

ताई

१६ मार्च

ताई,

तू कंपनी नाहीस. तू मोजमाप घेतेस, चुकलं तर उसवून देतेस. तुझ्या दाराला सील नाही. फरक कळत असून मुद्दाम चिडवतेस.

आम्ही भेटलो. तिच्या कार्यालयासमोर एक बसथांबा आहे, तिथेच बसलो. तीन बस गेल्या. ती माझ्यापेक्षा वर्षभराने मोठी निघाली, केस आखूड, बोटांना शाई. बाहेर तिचा आवाज वेगळा आहे, जाळीतून येतो त्यापेक्षा भरभर बोलते. गटावरचा 'सुटा स्क्रू' मीच, हे तिला आधीपासून माहीत होतं. म्हणाली, "तुझ्या वाक्यांवरून ओळखलं. घंटा दाबूनही तू असाच बोलतोस, समोरचा अडकल्यासारखा."

मग तिने एक सांगितलं. ११ तारखेला बागेजवळच्या पिवळ्या इमारतीत लिफ्ट बंद पडली, तेव्हा मी तिथेच तळमजल्याचा दरवाजा बसवत होतो. सहाव्या मजल्यावरचे एक काका, पाय प्लास्टरमध्ये, खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर चार तास बसून राहिले. कंपनीचा मेकॅनिक आला, पेटी उघडली, अर्ध्या मिनिटात लिफ्ट चालू. काकांनी त्याचे आभार मानले. तीन नंबर म्हणाली, बहुतेक वेळा नुसता नोंदलेला दोष पुसायचा असतो, आणि तो तिच्या टेबलावरून एका बटणात पुसता येतो. पण आत कुणी अडकलं नसेल तर ते बटण दाबायचं नाही, असा नियम आहे. मेकॅनिक गेलाच पाहिजे, कारण प्रत्येक भेटीचे पैसे लावता येतात. "कधीकधी खरंच कुणीतरी जाऊन बघायला हवं असतं," असंही म्हणाली. "पण दहातल्या सात वेळा नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे आपल्या दोघांतच."

मी हो म्हणालो.

इकडे शांत ग्राहक काल लिहितो: "कंपनी मुद्दाम उशीर करते हा आरोप गंभीर आहे. पुरावा असेल तर द्या, नसेल तर हा नुसता राग आहे." खाली लोकांचे हसरे चेहरे. त्यातला एक मामाच्या गिऱ्हाइकाचा. ताई, माझ्या खिशात पुरावा आहे आणि मला नुसता राग म्हणतात. दरवाजा बसवताना आज दोनदा बोट चेमटलं.

तुझा भाऊ

२० मार्च

बाळा,

घाईत लिहितेय, टपालवाला दारात उभा आहे.

तिने सांगितलेलं तिचं आहे. तुझ्या खिशात दिसतं म्हणून तुझं होत नाही. तिला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नकोस.

मागच्या पत्रात मी गंमत करत होते, पण एक लपवलं. तीन वर्षांपूर्वी इथे दुसरी शिवणारी आली होती. तिच्या कॉलरी माझ्यापेक्षा सरळ बसायच्या. मी भाव कमी केले नाहीत, भांडलेही नाही. हेडमास्तरांच्या बायकोकडे चहाला गेले आणि सहज म्हणाले, तिचा दोरा कच्चा आहे म्हणे. दोरा कच्चा नव्हता. वर्षाच्या आत ती गेली. एक वाक्य, बाळा. ते सुद्धा हळू आवाजात.

ताई

२ एप्रिल

ताई,

तुझं २० तारखेचं पत्र २४ ला मिळालं. मी २१ लाच लिहून मोकळा झालो होतो. कॉलरवाल्या बाईबद्दल मी काही बोलत नाही, मला आता तो अधिकार उरलेला नाही.

सगळं लिहिलं मी. पिवळी इमारत, ११ मार्च, दुपारी साडेबारा ते साडेचार, प्लास्टरवाले काका, टेबलावरचं बटण. 'कधीकधी बघायला हवं असतं' हे तेवढं गाळलं. त्याने मुद्दा ढिला पडत होता. संध्याकाळपर्यंत नऊशे लोकांनी पाठिंबा दिला. शांत ग्राहकाने लिहिलं: "हे खरं असेल तर मी चुकलो. तुम्ही जिंकलात." मी दुकानात उड्या मारल्या. मामाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, खुल्या बाजाराला आडवा केला. तो म्हणाला, "बरं. तो सात नंबरचा पान्हा दे."

तिसऱ्या दिवशी घंटा दाबली, तर दुसराच आवाज. "टेबल क्रमांक तीन." मी म्हणालो, तुम्ही तीन नंबर नाही. ती बाई म्हणाली, "त्या घरी आहेत. चौकशी चालू आहे. काम असेल तर बोला, नसेल तर ही घंटा अडकलेल्या माणसांसाठी आहे." मी बारा इमारतींतल्या बारा घंटा दाबल्या, कुठेतरी ती असेल म्हणून. ती फोन उचलत नव्हती.

कंपनीच्या एका मेकॅनिककडून कळलं, त्या दुपारी टेबलांवर तिघीच होत्या आणि पिवळ्या इमारतीची घंटा तिच्याच टेबलावर वाजली होती. तारीख मी दिली, वेळ मी दिली. नाव तेवढं लिहायचं ठेवलं. चौकशी ३० ला होती. मला काही सुचेना, आणि सुचलं ते असं: मी २९ ला कंपनीत गेलो आणि लेखी दिलं की मला कुणी काही सांगितलेलं नाही, मीच पिवळ्या इमारतीतल्या पेटीचं सील तोडलं आणि बटणाची गोष्ट माझी मीच शोधून काढली. खाली सही. वाटलं, आता ती सुटली.

मग मामाला सांगितलं. आधी नाही, नंतर. तो ओरडेल म्हणून मी दाराशीच उभा होतो. ओरडला नाही. म्हणाला, "तीस वर्षांत मी कुणाचं सील तोडलेलं नाही." बस, इतकंच. काल कंपनीचं पत्र आलं, त्यांची लिफ्ट असलेल्या एकाही इमारतीत आमच्या दुकानाच्या माणसाने पाय ठेवायचा नाही. बाराच्या बारा गेल्या. मामा सकाळपासून हत्यारं मापाप्रमाणे लावतोय. ती आधीपासूनच मापाप्रमाणे लावलेली होती.

पण ती तर वाचली असेल ना, ताई? तू सांग. मला एका जागी बसवत नाही.

भाऊ

५ एप्रिल

नमस्कार.

फोन मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस. दुकानाचा पत्ता पाटीवर असतोच, म्हणून पत्र.

तुला वाटत असेल तू मला वाचवलंस. तर ३० तारखेला काय झालं ते वाच.

मी आत गेले ती सगळं मान्य करायचं ठरवूनच. होय, मी सांगितलं. होय, बटण आहे. आणि हा नियम मला चुकीचा वाटतो, हे मी गेल्या वर्षी दोनदा लेखी कळवलं आहे, त्याच्या प्रती माझ्या पिशवीत होत्या. पिवळ्या इमारतीतले प्लास्टरवाले काका आणि आणखी दोन इमारतींच्या सोसायट्यांचे लोक माझ्या बाजूने बोलायला बाहेर बसले होते. नोकरी बहुधा गेलीच असती. पण निदान खरं बोलून गेली असती, आणि ते खरं कागदावर उतरलं असतं.

मी बोलायच्या आधी साहेबांनी तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, या माणसाने सील तोडल्याचं कबूल केलं आहे, बटणाची गोष्ट एका प्रतिस्पर्धी दुकानाने रचली आहे, तुम्ही निर्दोष आहात. मी म्हणाले, बटण आहे. ते म्हणाले, आता नाही. संध्याकाळी गटावर कंपनीचं निवेदन आलं, ते तू वाचलंच असशील. बाहेर बसलेले काका मला विचारत होते, अहो, मग खोटं कोण बोलतंय?

नोकरी टिकली. उद्यापासून त्याच टेबलावर बसायचंय. बटण काढलं आहे. पूर्वी खाली कुणी म्हातारं माणूस ताटकळत असलं तर मी ते गुपचूप दाबायचे, आठवड्यातून एक-दोनदा; ११ तारखेला साहेब मागेच उभे होते म्हणून जमलं नाही. तेही आता नाही.

तू गटावर इतकी पानं लिहिलीस की लोकांना पर्याय असायला हवा, कुणा एकाने सगळ्यांचं ठरवता कामा नये. मी ती सगळी वाचायचे, जेवणाच्या सुट्टीत. पटायचंही. मग माझं दोन्ही वेळा तूच एकट्याने ठरवलंस. एकदा मला उघडं पाडायचं, एकदा मला झाकायचं. दोन्ही वेळा बसथांब्यापर्यंत चालत यायला तुला दहा मिनिटं लागली असती.

मामांना माझा नमस्कार सांग. त्यांच्याशी हे असं व्हायला नको होतं.

१० एप्रिल

नमस्कार.

तुझं पत्र मी पाच दिवसांत किती वेळा वाचलं ते लिहीत नाही, त्याचाही मी मुद्दा करीन.

पहिल्या दिवशी मी चिडलो. मनात तुला चार कडक उत्तरं दिली, सगळी बिनतोड. दुसऱ्या दिवशी ती आठवेनात. ताईचंही पत्र आलं, त्यात एकच ओळ आहे: "आता मला लिहू नकोस, तिला लिही."

मामाला तुझा नमस्कार सांगितला. त्याने विचारलं, त्या बटणाचं खरं होतं का? मी म्हणालो, हो. "मग सील तोडलं म्हणून कशाला लिहिलंस?" मी म्हणालो, तिच्यासाठी. तो म्हणाला, "तिने मागितलं होतं?" आणि उठून चहा करायला गेला. दोन कप आणले, म्हणून मी अजून या दुकानात आहे.

मी एक निवेदन लिहिलं आहे, गटावर टाकायला आणि कंपनीला द्यायला. सोबत जोडलंय. त्यात लिहिलंय की मी सील तोडलेलं नाही, ते पत्र खोटं होतं, ते मी कुणाच्याही सांगण्यावरून दिलं नाही. पिवळ्या इमारतीबद्दल लिहिलेलं खरं होतं. ते मला विश्वासाने सांगितलं गेलं होतं आणि मी परवानगी न घेता छापलं. हे टाकलं की मी खोटारडा ठरेन, ते ठरू दे. पण तुझी नोकरी पुन्हा धोक्यात येईल. म्हणून टाकू की नको ते तू सांग. तुझं उत्तर येईपर्यंत मी काहीही करणार नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली. आणि हात आत्तासुद्धा फोनकडे जातोय.

१५ एप्रिल

निवेदन वाचलं. ठीक आहे, पण एक वाक्य कमी आहे. मी बसथांब्यावर म्हणाले होते की कधीकधी मेकॅनिकने जाऊन बघायलाच हवं असतं, दहातल्या तीन वेळा. ते तू तेव्हाही गाळलंस आणि आत्ताही. कंपनीचा नियम सगळाच्या सगळा खोटा नाही. तीन वेळांसाठी तो बरोबर आहे आणि सात वेळांसाठी चूक, हे लिहिलंस तर ते खरं होईल. मग मी त्याखाली सही करीन आणि माझ्या दोन पत्रांच्या प्रती जोडीन. नोकरीचं काय होईल ते मी बघेन, तो भाग माझा.

ते वाक्य नको असेल तर तुझ्या एकट्याच्या नावाने टाक. मी आडवी येणार नाही.

१७ एप्रिल

वाक्य घातलं. दुसऱ्या परिच्छेदात, अगदी वर, शांत ग्राहकाला पहिलं तेच दिसेल असं. तो म्हणेल, बघा, मी म्हणतच होतो. म्हणू दे.

मामाला वाचून दाखवलं. त्याने चष्मा लावून दोनदा ऐकलं, म्हणजे चष्म्याचा काय संबंध मला माहीत नाही, आणि म्हणाला, माझ्या दुकानाचं नावही खाली टाक.

तुझ्या सहीसाठी जागा सोडली आहे. कागद दुकानात आहे. दुकान सहापर्यंत उघडं असतं आणि मामा असतो. तू आलीस की मी हवं तर बाहेर जाऊन थांबेन.